फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची घरे कोणी मोडली?

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील धनिकांना दुकानदारांनी हुसकावले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते.

चौतिसाव्या रस्त्याजवळ अ‍ॅस्टर घराण्याची दोन घरे शेजारी शेजारी होती. काकू-पुतण्याचे पटत नव्हते. पुतण्या विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर याने वडिलांचे घर पाडून १८९३मध्ये तिथे तेरा मजली हॉटेल उभे केले. काकू कॅरोलिन अ‍ॅस्टर म्हणजे शहराच्या उच्चभ्रू वर्तुळात कोणाला घ्यायचे, हे ठरवणारी बाई. ती उत्तरेला, पासष्टाव्या रस्त्यावर राहायला गेली. तिच्या घराच्या जागी १८९७मध्ये तिच्याच मुलाने दुसरे हॉटेल बांधले. ही दोन हॉटेले मिळून वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया झाले. (भाऊबंदकी काही आपलीच मिरासदारी नव्हे!)

१९०६मध्ये समोर बी. ऑल्टमनचे दुकान आले, तेही भोवतालच्या वाड्यांशी जुळेल अशा इटालियन प्रासादाच्या थाटात. दुकानांमागोमाग कपडे शिवण्याचे कारखाने आले. जेवणाच्या सुट्टीत स्थलांतरित कामगारांनी फुटपाथ भरून जाऊ लागले. तेव्हा काल-परवा आलेल्या दुकानदारांनाच रस्त्याची प्रतिष्ठा आठवली! १९१६च्या झोनिंग कायद्यामागे त्यांच्या मोहिमेचा मोठा वाटा होता. रस्त्यावरून हटायचे होते ते कामगारांनी. दुकानांना धक्का लागला नाही.

१९२८मध्ये अठ्ठावन्नाव्या रस्त्याला लागून, व्हँडरबिल्टांच्या पाडलेल्या प्रासादाच्या जागी बर्गडॉर्फ गुडमनचे दुकान उघडले. अ‍ॅस्टरांची हॉटेलेही पाडली गेली. काकू-पुतण्याच्या त्या जमिनीवर १९३१पासून एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे.