खेळ आपला, की कंपनीचा?

घरच्या टीव्हीला जोडून जे खेळ खेळले जातात त्यांना आपण व्हिडिओ गेम म्हणतो आणि ते ज्या यंत्रावर चालतात त्याला कन्सोल. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्तेन्दोचे स्विच ही आजची तीन प्रमुख यंत्रे होत. या खेळांविषयी वडीलधाऱ्या मंडळींचे मत ठरलेले आहे: पोरे बिघडतात, वेळ वाया जातो. त्या मताशी वाद घालण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मला लिहायचे आहे ते खुद्द खेळणाऱ्यांच्या मतांविषयी. नवा खेळ बाजारात आला, किंवा कंपनीने यंत्राच्या आतील प्रणालीत बदल केला (ज्याला सर्रास 'अपडेट' म्हणतात), की जगभरचे खेळाडू त्यावर तावातावाने बोलू लागतात. वरवर पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांतील उदाहरणे ओळीने मांडली, तर या गलक्यात एक गंभीर प्रश्न ऐकू येतो. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचा हक्क किती?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली आपले प्रसिद्ध यंत्र विक्रीस आणले. त्यात खेळाची एक प्लॅस्टिकची डबी खोचावी लागे. तशाच डबीला आपल्याकडे पुढे 'कॅसेट' हे नाव पडले. कॅसेटच्या पोटात एक चिप असे आणि खेळ त्या चिपवर कायमचा कोरलेला असे. बनवणाऱ्याने त्यात जे घातले तेच शेवटपर्यंत राहणार. १९८२ साली अटारीने 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावर एक खेळ काढला. नाताळच्या विक्रीत तो यावा म्हणून तो अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तयार करण्यात आला होता. खेळणारा पावलोपावली खड्ड्यात पडे आणि बाहेर निघता निघता कंटाळून जाई. असंख्य कॅसेट विकल्या गेल्या नाहीत, कित्येक परत आल्या. १९८३ च्या सप्टेंबरात कंपनीने न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातील अॅलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरला. ही दंतकथा असावी असे पुष्कळांना वाटे. परंतु एप्रिल २०१४ मध्ये तेथे खोदकाम झाले आणि कॅसेट खरोखरच मातीतून वर आल्या.

या जुन्या व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या. एक, चुकलेला खेळ दुरुस्त करणे कंपनीला शक्य नव्हते. दोन, विकलेल्या खेळाला पुन्हा हात लावणेही तिला शक्य नव्हते. ग्राहकाने आपले मत सांगायचे म्हणजे खेळ परत करायचा, किंवा पुढचा घ्यायचा नाही.

पुढे यंत्रे इंटरनेटला जोडली गेली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये 'एक्सबॉक्स लाइव्ह' ही सेवा सुरू केली आणि २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ पर्यंत अशी जोडणी नित्याची झाली. आता कंपनीपासून घरातल्या यंत्रापर्यंत एक वाट तयार झाली. या वाटेने दुरुस्ती येऊ शकते, तशी जप्तीही येऊ शकते.

दुरुस्तीचे सर्वांत बोलके उदाहरण 'सायबरपंक २०७७' या खेळाचे आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने तो १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आणला. आधीची कित्येक वर्षे त्याची जाहिरात चालू होती. परीक्षकांना आगाऊ पाहायला मिळाली ती संगणकावरील आवृत्ती. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो हे प्रकाशनापूर्वी परीक्षकांना तपासता आले नव्हते. प्लेस्टेशन ४ वर तो घेणाऱ्यांना दिसले ते असे की चित्रे अडखळतात, माणसे भिंतीतून आरपार जातात आणि खेळ मधूनच बंद पडतो. तक्रारींचा इतका वर्षाव झाला, की सुमारे आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. २१ जून २०२१ रोजी तो पुन्हा विक्रीस आला. त्यानंतरही दुरुस्त्या चालूच राहिल्या आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर पुष्कळ खेळाडूंनी त्याचे कौतुक केले. इंग्लंडमधील हॅलो गेम्स या छोट्या संस्थेच्या 'नो मॅन्स स्काय'ची कथाही अशीच. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला तेव्हा सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. पुढे वर्षानुवर्षे संस्थेने एक पैसाही न घेता त्या भरून काढल्या.

येथे कोणी म्हणेल, मग बिघडले कुठे? उशिरा का होईना, माल चांगला मिळाला. परंतु नंतर दुरुस्त करता येते या भरवशावर अर्धवट माल विकण्याची सवय लागते, ही या सोयीची दुसरी बाजू आहे. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणारा माणूस न कळत तपासनीस होतो. त्याचे मत ही कंपनीला फुकट मिळालेली मजुरी असते.

आता जप्तीचे उदाहरण. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवण्याची मुभा होती. म्हणजे खेळाचे यंत्र साध्या संगणकासारखे वापरता येई. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधकांनी तर सुमारे सतराशे प्लेस्टेशन एकत्र जोडून एक महासंगणक उभारला होता. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन एका अपडेटद्वारे ही मुभा काढून घेतली. ग्राहकाला अपडेट नाकारता येत होते. परंतु नाकारले तर कंपनीच्या सेवेवरून इतरांबरोबर खेळणे बंद. दोन्ही गोष्टींसाठी पैसे मोजले असताना त्यातली एक सोडा, असा हा सौदा होता. खेळाडू न्यायालयात गेले, आणि २०१८ साली पस्तीस-चाळीस लाख डॉलरच्या घरातील तडजोडीवर ते प्रकरण मिटले. मुभा मात्र परत आली नाही.

याहून पुढची पायरी 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाची. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०१४ साली काढला. एकट्याने खेळायचे झाले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले. डिस्क लोकांच्या कपाटात तशीच राहिली. तिच्यात खेळ उरला नाही. यावर जो क्षोभ उसळला त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे कायदा मागणाऱ्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये सह्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आला आहे, की ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे. 'विकत घ्या' एवढेच लिहून मोकळे होऊ नये.

हा विषय मला का सुचला ते येथे सांगणे भाग आहे. माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी एक लहानसे गेम पार्लर चालवतो. दोन टीव्ही, दोन जुनी यंत्रे. तासाच्या हिशोबाने पोरे खेळतात. सुट्टीत मी त्याच्या गल्ल्यावर बसतो. मागच्या मे महिन्यात, ऐन गर्दीच्या दुपारी, एका फुटबॉलच्या खेळाने मोठे अपडेट मागितले. आमच्याकडे इंटरनेट मोबाईलवरून जोडलेले. चार तास पडद्यावर रेघ पुढे सरकत होती आणि पोरे एकेक करून उठून गेली. संध्याकाळी घरी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या आबांनी विचारले, "अरे, इकत घेतल्यालं हाय ना? मग घरात आल्यावं दुकानदार त्याला हात कसा लावतो?" आबा शाळेत गेलेले नाहीत. आयुष्यात त्यांनी बैल, नांगर, सायकल, पंप अशा वस्तू घेतल्या. एकदा पैसे दिले की वस्तू आपली, तिची डागडुजी आपली, आणि अडचणीच्या वेळी ती विकण्याचा अधिकारही आपला. त्यांच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता येईना, म्हणून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

विकण्याचा अधिकार हा शब्द मी मुद्दाम वापरला. मे-जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' या नव्या यंत्राचे नियम सांगितले: यंत्र चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडले पाहिजे, आणि जुनी डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने राहतील. खेळाडू खवळले. प्रतिस्पर्धी सोनीने त्याच जून महिन्यात एक छोटी चित्रफीत दाखवली. तीत एक माणूस खेळाची डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, एवढेच. १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टने दोन्ही नियम मागे घेतले. आपल्या महाविद्यालयातील किती जणांची पुस्तके पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतलेली आहेत, हे मी सांगायला नको. आधीच्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने रेघा मारलेले पुस्तक पुढच्याला विकताच येणार नाही, असा नियम उद्या निघाला तर आपल्यातले निम्मे वर्गात पुस्तकाविना बसतील. जुनी डिस्क ही खेळातली जुनी पुस्तकेच आहेत. आज डिस्कची खाचच नसलेली यंत्रे विकली जातात. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही कॅसेटमध्ये तर खेळ नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते. ज्याच्या घरी वेगवान इंटरनेट आहे त्याला यात काही वावगे दिसणार नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याचे मत मोजलेही जात नाही, कारण मत पोचवायलाही तीच जोडणी लागते.

मात्र खेळाडूंचे प्रत्येक मत शिरोधार्य मानावे, असेही नाही. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. तो पुरा करण्यास वीसहून अधिक तास लागतात. तरी पहिल्याच दिवशी हजारो लोकांनी त्याला शून्य गुण देऊन टाकले. शेवटी अशी गुणपद्धती चालवणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संस्थेला, नवा खेळ आल्यावर काही काळ कोणाचेच गुण न घेण्याचा नियम करावा लागला. न खेळताच दिलेला निकाल आणि न वाचताच केलेली टीका यांत फरक नाही.

म्हणून मला या मतांची तीन वर्गांत विभागणी करावीशी वाटते. पहिला वर्ग रुचीचा: कथा आवडली, शेवट आवडला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर आला. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा. तिच्यातील चित्रकाम पुष्कळांना भावले, काहींना ती फार लवकर संपते असे वाटले. येथे दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात; कलाकाराने ऐकावे आणि स्वतःला पटेल ते करावे. दुसरा वर्ग दोषाचा: खेळ बंद पडतो, सांगितले ते दिले नाही. येथे मत म्हणजे पुरावा असतो आणि दुरुस्ती किंवा परतावा हे त्याचे उत्तर. तिसरा वर्ग हक्काचा: दिलेले काढून घेतले, विकलेले बंद केले. हा प्रश्न कोणा एका कंपनीच्या मर्जीवर किंवा कोण मोठ्याने ओरडतो यावर सोडता येणार नाही. त्याला कायदाच हवा.

आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल, सेवेतील त्रुटी, दिशाभूल करणारी जाहिरात यांविरुद्ध जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि इंटरनेटवरून केलेली खरेदीही त्याच्या कक्षेत येते. परंतु विकल्यानंतर दुरून बदलल्या जाणाऱ्या वस्तूचा मालक कोण, हे त्यात उघड शब्दांत विचारलेले नाही. मोबाईल, दूरचित्रवाणी संच, उद्या कदाचित शेतातला ट्रॅक्टरसुद्धा, अशा सगळ्याच वस्तू आता अपडेट मागणाऱ्या होत आहेत. खेळणाऱ्या पोरांनी हा प्रश्न इतरांच्या आधी विचारला, कारण त्यांना तो आधी भोवला.

तेव्हा विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी खेळ घेताना तीन गोष्टी विचारा: इंटरनेटविना तो चालतो का, दुसऱ्याला देता येतो का, आणि कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर काय उरते. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या गुरुजनांनीही या विषयावर वर्गात एखादा तास घ्यावा. आबांच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळायचे आहे.