रोपसंरक्षक नळी
लागवड केलेल्या वृक्षाच्या लहान रोपाभोवती जमिनीत उभी बसविलेली व वरच्या टोकास उघडी असलेली अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची नळी. कुरतडणाऱ्या व पाला खाणाऱ्या प्राण्यांपासून रोपाचे रक्षण करणे आणि नळीतील उबदार, दमट हवेच्या साहाय्याने त्याची उंची जलद वाढविणे, अशी दोन कार्ये ती करते. भारतात रस्त्याच्या कडेच्या झाडांभोवती बांबूचे, विटांचे वा लोखंडी पट्ट्यांचे जे पिंजरे उभारतात, ते केवळ पहिले कार्य करतात. वारा व हवा त्यांतून मोकळेपणाने खेळत असल्यामुळे रोपाच्या वाढीच्या रीतीत त्यांनी फरक पडत नाही. नळीने तो पडतो, आणि तिचे गुणदोष मुख्यत्वे या फरकातून उद्‌भवलेले आहेत.

ही पद्धत ब्रिटनमध्ये उदयास आली. पहिल्या महायुद्धातील लाकूडटंचाईनंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट्री कमिशन या शासकीय संस्थेने प्रारंभी लवकर वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीवर भर दिला होता. ओकसारखे रुंदपर्णी वृक्ष सावकाश वाढतात आणि त्यांची कोवळी पाने व साल ससे, हरणे व व्होल नावाचे लहान उंदीर आवडीने खातात. लांडग्यांसारखे मोठे शिकारी प्राणी त्या देशातून केव्हाच नाहीसे झाले असल्यामुळे हरणांच्या संख्येला नैसर्गिक आळा उरलेला नाही. १९५३ मध्ये तेथे पोहोचलेल्या मिक्सोमॅटोसिस या विषाणुजन्य रोगाने ससे फार मोठ्या प्रमाणावर मेले. पण पुढील दशकांत त्यांची संख्या पुन्हा वाढत गेली. अशा परिस्थितीत या संस्थेतील वनसंशोधक ग्रॅहॅम ट्यूली यांनी १९७९ मध्ये ओकच्या रोपांभोवती प्लॅस्टिकच्या नळ्या बसवून प्रयोग केले. रोपे वाचली हे अपेक्षितच होते. ती उघड्यावरील रोपांपेक्षा पहिल्या काही वर्षांत दुप्पट वा त्याहूनही अधिक उंच झाली, याचे मात्र आश्चर्य वाटले. नळीला पुढे ट्यूलींचेच नाव चिकटले. १९८५ मध्ये ब्रिटनने रुंदपर्णी वनांना उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. ऑक्टोबर १९८७ मधील वादळात दक्षिण इंग्लंडातील सु. दीड कोटी झाडे उन्मळून पडल्यावर तेथे मोठ्या प्रमाणावर पुनर्लागवड करावी लागली. या दोन्ही घटना नळीच्या प्रसारास अनुकूल ठरल्या.

नळीच्या आत बाहेरच्यापेक्षा वेगळे असे सूक्ष्म जलवायुमान निर्माण होते. उन्हाच्या वेळी तेथील तापमान बाहेरच्याहून काही अंश अधिक असते. वारा नसल्यामुळे पानांतून बाहेर पडलेली वाफ तेथेच साठून आर्द्रता वाढते, त्यामुळे बाष्पोच्छ्‌वास मंदावतो आणि रोपाला पाण्याची चणचण कमी भासते. नव्याने लावलेल्या व मुळे अद्याप न रुजलेल्या रोपाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. आतील प्रकाश मात्र बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो, आणि कमी प्रकाशात खोड उंच होण्याकडे वनस्पतींचा कल असतो. बाजूच्या फांद्यांना वाव नसल्याने वाढीचा जोर शेंड्याकडे एकवटतो. वाऱ्याने हेलकावे खाणारे खोड त्या ताणाला प्रतिसाद म्हणून जाड होत जाते. नळीतील खोडाला असा ताण बसत नाही. परिणामी नळीतील रोप उंच, परंतु खोडाने बारीक व उंचीच्या मानाने मुळांनी तोकडे असे वाढते.

नळीची ही उंची म्हणजे एका परीने उसनवारी होय. शेंडा नळीबाहेर पडून वाऱ्यात हलू लागला, की उंचीची वाढ मंदावते आणि खोड व मुळे जाड होऊ लागतात. उंचीतील आरंभीची आघाडी यानंतर टिकेलच असे नाही. शेंडा वर आलेला पाहताच उत्साहाने नळी काढून टाकल्यास रोप बहुधा वाकते किंवा आडवे होते. म्हणून शेंडा बाहेर आल्यानंतरही खोड स्वतःचा भार पेलण्याइतके जाड होईपर्यंत, म्हणजे एकंदर सु. पाच वर्षे वा अधिक काळ, नळी जागेवर ठेवावी लागते.

रचना व उभारणी : नळ्या बहुतांशी पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांची भिंत पुष्कळदा दुपदरी असून सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात स्थिरकारक द्रव्ये मिसळलेली असतात. व्यास सामान्यतः ८ ते १२ सेंमी. असतो. उंची कोणत्या प्राण्यापासून रक्षण करावयाचे यावर ठरते. व्होलसाठी सु. २० सेंमी., सशांसाठी ६० ते ७५ सेंमी., लहान चणीच्या रो हरणासाठी १·२ मी., तर फॅलो व लाल हरणांसाठी १·५ ते १·८ मी. उंचीच्या नळ्या वापरतात. नळीचे खालचे टोक मातीत थोडे रुतवितात. तसे न केल्यास खालून हवा शिरून धुराड्याप्रमाणे वर वाहते, आतील आर्द्रता टिकत नाही आणि व्होलनाही वाट मिळते. वरची कड बाहेरच्या बाजूस वळविलेली असावी लागते, अन्यथा वाऱ्याने हलणारे खोड तिच्यावर घासून साल सोलली जाते. याच कारणास्तव आधाराच्या लाकडी खुंटाचे टोक नळीच्या कडेपेक्षा खाली ठेवतात. खुंट रोपाला न बांधता नळीलाच बांधावयाचा असतो. लहान पक्षी आत पडून अडकू नयेत म्हणून वरच्या तोंडावर जाळी बसवितात. शेंडा तेथवर पोहोचण्यापूर्वी ती काढणे आवश्यक असते.

ओकची वाढ नळीत विशेष जोमाने होते. सूचिपर्णी वृक्षांच्या आडव्या फांद्या अरुंद नळीत दबून जात असल्याने त्यांच्यासाठी रुंद जाळीची आवरणे बरी पडतात. कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत उबेमुळे वाढ शरद ऋतूत लांबते आणि कोवळा शेंडा हिमतुषाराने मरण्याचा धोका असतो. उलट भूमध्य सामुद्रिक प्रदेशांसारख्या उष्ण व कोरड्या उन्हाळ्याच्या भागांत बंद नळी फार तापते; म्हणून तेथे भिंतीला छिद्रे असलेल्या हवेशीर नळ्या वापरतात.

कुंपण की नळी, हा प्रश्न बव्हंशी क्षेत्राच्या आकारमानाचा आहे. एक हेक्टर चौरस क्षेत्राला ४०० मी. कुंपण लागते, तर दहा हेक्टरांच्या चौरसाला सु. १,२६५ मी., म्हणजे दर हेक्टरी केवळ १२६ मी. पुरते. नळ्यांची संख्या मात्र क्षेत्राच्याच प्रमाणात वाढते. ३ मी. अंतरावर रोपे लावल्यास हेक्टरी सु. १,१०० नळ्या व तितकेच खुंट लागतात. त्यामुळे लहान तुकडे, अरुंद पट्टे व बांधांच्या कडा यांसाठी नळ्या किफायतशीर होतात आणि विस्तीर्ण लागवडीसाठी कुंपण.

नळी बसविली म्हणजे रोपाची चिंता मिटली, ही समजूत अनेक लागवडींच्या अपयशाला कारण झाली आहे. गवत नळीबाहेर असले, तरी त्याची मुळे रोपाच्या मुळांशेजारीच पाणी शोषत असतात. गवत नुसते कापून हा उपद्रव थांबत नाही, कारण कापलेले गवत पुन्हा जोमाने वाढून पाणी ओढतच राहते. रोपाभोवती सु. १ मी. व्यासाचे वर्तुळ आच्छादनाने किंवा तणनाशकाने तणमुक्त ठेवावे लागते. तणनाशक फवारताना नळीमुळे रोपाची पाने सुरक्षित राहतात, ही तिची आणखी एक सोय होय. याखेरीज वर्षातून एकदोनदा फिरून कललेले खुंट सरळ करणे, आत वाढलेले तण उपटणे व मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, ही कामे करावीच लागतात. उभी नळी दुरून पाहता आतील रोप जिवंत आहे की मृत हे कळत नाही. ओळीने उभ्या नळ्यांचा देखावा त्यामुळे फसवा ठरू शकतो.

टाकाऊ प्लॅस्टिकची समस्या : उन्हाने प्लॅस्टिक काही वर्षांत आपोआप तडकून झडून जाईल, या अपेक्षेवर पूर्वी बरीच भिस्त होती. ती दोन प्रकारे चुकीची ठरली. झाडाचा पर्णसंभार वाढला, की नळी त्याच्याच सावलीत येते आणि जंबुपार किरणांअभावी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते. काही ठिकाणी ती वाढत्या खोडाला आवळते. जेथे ती तडकते, तेथेही प्लॅस्टिक नष्ट न होता त्याचे बारीक तुकडे मातीत मिसळतात. नळीच्या भिंतीवर उभी, सहज फाटणारी रेघ ठेवल्याने खोड आवळले जाण्याचा दोष कमी झाला; कचऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र-परीक्षणात, नळ्यांविना रोपांची मर अधिक होते हे गृहीत धरूनही, प्लॅस्टिकची नळी टाळून अधिक रोपे लावणे पर्यावरणाच्या दृष्टीने सरस ठरले. ब्रिटनमधील वुडलँड ट्रस्ट या संस्थेने त्याच वर्षाच्या अखेरीपासून प्लॅस्टिक नळ्यांचा वापर बंद करण्याचे जाहीर केले.

पर्याय म्हणून पुठ्ठा, लाकडी लगदा, लोकर व वनस्पतिजन्य बहुवारिके यांपासून नळ्या तयार करण्यात आल्या आहेत. पुठ्ठा ओल्या हवेत खोड जाड होण्यापूर्वीच लिबलिबीत होण्याचा संभव असतो. पॉलिलॅक्टिक अम्लापासून बनविलेले प्लॅस्टिक औद्योगिक खतभट्टीतील उच्च तापमानात कुजते, परंतु थंड प्रदेशातील उघड्या मातीत फार सावकाश विघटन पावते. प्लॅस्टिकच्याच नळ्या वापरल्यास त्या वेळेवर गोळा करून पुन्हा वापरणे किंवा वितळवून पुन्हा उपयोगात आणणे शक्य आहे. पण लागवडीचा खर्च ठरविताना पाचसहा वर्षांनंतरच्या या गोळा करण्याच्या मजुरीची तरतूद पुष्कळदा केलेली नसते.