बेताच्या पैशांत नेमाची रायफल कशी निवडावी?

रानडुकरांच्या कळपानें भुईमूग, मका किंवा ऊंस यांची एका रात्रींत कशी नासाडी होते, हें आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. अशा वेळीं एक चांगली रायफल जवळ असावी, असा विचार मनांत येणें साहजिक आहे. परंतु रायफल ही वारंवार घेण्याची वस्तु नव्हे. म्हणून मोजक्या पैशांत नेमास पक्की रायफल कशी पारखावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा. महसूल खात्यांत कारकुनी करितां करितां आम्ही एक गोष्ट शिकलों, ती ही कीं, कागद आधीं व माल मागाहून. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास साध्या, बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. रायफल हवी असल्यास सबळ कारण दाखवावें लागतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षणही घ्यावें लागतें. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याची परवानगी नसतां रानडुकरावर बार टाकणें हा गुन्हा आहे.

आतां बोअरचा विचार. लष्करी मापाच्या, उदाहरणार्थ ३०३ बोअरच्या, रायफली सामान्य नागरिकास मना असल्यामुळें आपल्या देशांत ३१५ बोअर रूढ झाला. त्याचें काडतूस मूळ ऑस्ट्रियन मॅन्लिखर जातीचें. गोळीची जाडी सुमारें ८ मिलिमीटर व वजन २४४ ग्रेन. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत ही रायफल ली-एनफील्डच्या धर्तीवर तयार होत आली आहे. २२ बोअरची रायफल स्वस्त खरी, पण ती चांदमारीची. तिनें डुकर पडत नाहीं, जखमी होतें. आणि जखमी डुकर माणसाच्या जिवावर उठतें.

बोल्टच्या रायफलींत भाग थोडे, बंदोबस्त पक्का, आणि बोल्ट काढून घेतला कीं मागून पुढेंपर्यंत सारी नळी उजेडांत पाहतां येते. जुनी रायफल घेणाऱ्यास हा मोठाच लाभ आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, नळींतून पांढऱ्या कागदाकडे पाहावें. आटे धारदार व चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसल्यास ती नळी गंजानें खाल्लेली समजावी. नळीचें तोंड विशेष निरखावें. गोळी शेवटीं तेथूनच सुटते. तेथें एक खोंक असली तरी नेम बिघडतो. बोल्टवरील व नळीवरील क्रमांक एकच असावे, आणि ते कागदांवरील क्रमांकाशीं जुळावे. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर काडतुसाचा तळ नीट टेकतो कीं नाहीं हें जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावांचून बार काढूं नये. दस्त्याचें लांकूड पावसाळ्यांत फुगून नळीस एका अंगानें दाबूं लागलें, म्हणजे उन्हाळ्यांत साधलेला नेम भाद्रपदांत चुकतो.

खरी परीक्षा मात्र परवानगीच्या चांदमारीच्या मैदानावरच. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून, एकाच जातीच्या काडतुसांनीं, पन्नास मीटरांवर तीन बार काढावे. तिन्ही छिद्रें हाताच्या तळव्यांत मावलीं तर रायफल कामास पुरेशी आहे. तीं मध्यबिंदूपासून दूर पण एकमेकांजवळ असलीं तरी खंत नको, कारण माशी सरकवून तें साधतां येतें. तीं विखुरलेलीं असलीं तर मात्र माशीचा उपाय नाहीं. दोष नळींत, दस्त्यांत किंवा आपल्या हातांत आहे. हाताचा संशय असल्यास दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तीन बार काढवून घ्यावे.

पैसा मोजकाच असेल तर तो नक्षीच्या दस्त्यांत व भारी दुर्बिणींत घालूं नये. चांगली नळी, एकाच जातीचीं काडतुसें, सफाईचा गज व तेल यांत घालावा. उरेल तो सरावांत खर्चावा.

शेवटीं एक इशारा. छऱ्यांचा जोर लवकर ओसरतो, पण रायफलीची गोळी चुकली तर कोसाच्याही पुढें जाऊं शकते. आपल्याकडे पलीकडच्या बांधावर राखणदार असतो, माळावर धनगराचा वाडा असतो. म्हणून ज्या निशाणामागें मातीची टेकाडी अथवा बांध नाहीं, त्यावर बार टाकूं नये. जेथें जमीन सपाट व वस्ती दाट आहे, तेथें रायफलीचा नाद सोडून मजबूत कुंपण घालावें व नुकसान होतांच पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज गुदरावा, हेंच शहाणपणाचें. पीक पुढल्या हंगामांत पुन्हां येतें. गेलेला माणूस येत नाहीं.