चिमूटभर माती आणि नव्वद लाख मुंबई-पुणे

माकणीच्या शिवारात, तेरणेच्या धरणाच्या आसपास कुठंही वाका आणि काळ्या मातीचं बारकं ढेकूळ चिमटीत धरा. पाच-सहा हरभऱ्यांच्या वजनाचं असलं तरी बास. चला, मोजू या! एवढ्याशा ग्रॅमभर मातीत जिवाणू किती? शंभर कोटींच्या घरात! जिवाणूमागे एक रुपया ठेवला, तर शंभर कोटी रुपये. आणि सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता, न जेवता मोजत बसलं तर? इकडे भूकंपाची पहाट कुणी विसरलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993च्या त्या पहाटे मोजायला बसलेला माणूस उठला असता थेट 2025च्या मृगात!

ही झाली संख्या. आता चिवटपणा बघा.

20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून एक फुगा सुटला. मोहीम इस्रोची, प्रमुख संशोधक आपले जयंत नारळीकर. फुगा तरी केवढा? 2 कोटी 67 लाख घनफूट! चाळीस फूट रुंद, साठ फूट खोल अशी विहीर डोळ्यासमोर आणा. तशा साडेतीनशे विहिरी त्याच्या पोटात मावतील. 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, आठवतं? पन्नास वाघिणी, खेपेला 25 लाख लिटर. हा फुगा पाण्यानं भरायचा, तर तशा तीनशे खेपा! त्यानं 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. 41 किलोमीटर म्हणजे एकावर एक पंचवीस कळसूबाई! तिथं हवा उरते जमिनीवरच्या जेमतेम चारशेव्या हिश्श्याइतकी. अशा ठिकाणची नळकांडी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत उघडली, तर जिवाणूंच्या बारा वसाहती निघाल्या! तीन जाती तर अगदी नव्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं. अतिनील किरणं सोसण्यात तिन्ही आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा काटक.

आता घरचाच जिवाणू घ्या. ई. कोलाय, तुमच्या-माझ्या आतड्यातला. 2011मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला यंत्रात असा गरगर फिरवला, की त्याचं वजन चार लाख पटींवर गेलं. चार लाख! त्या हिशेबानं ज्वारीचा एक दाणा बारा किलोचा होतो. साठ किलोचा माणूस होतो 24 हजार टनांचा, म्हणजे 58 वाघिणींच्या खच्चून भरलेल्या पाच मालगाड्या! आणि ई. कोलाय? तो तग धरून राहिला, वर वाढतही राहिला.

अजून दम घेऊ नका. बॅसिलस सबटिलिस हा मातीतला, वाळल्या गवतातला साधा जिवाणू. नासानं त्याचे बीजाणू एप्रिल 1984मध्ये अवकाशात नेऊन ठेवले आणि परत आणले जानेवारी 1990मध्ये. पावणेसहा वर्षं! हवा नाही, पाणी नाही. पृथ्वीभोवती 32 हजारांवर फेऱ्या, एकेक फेरी 42 हजार किलोमीटरची. करा गुणाकार: सुमारे 135 कोटी किलोमीटर! मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर नव्वद लाख खेपा. रोज एक खेप केली, तर 24 हजार वर्षांहून जास्त! परत आल्यावर त्यांना खाणं दिलं. अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेले बरेचसे बीजाणू फुटले आणि वाढू लागले.