विकलं ते टिकलं

नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. ३ मे १९१३ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गौहरजान आजही ऐकता येते. ‘राजा हरिश्चंद्र’ मात्र सलग पाहता येत नाही. त्याची काही रिळंच उरली आहेत. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, तर समूळ गेला.

याची कारणं सांगताना नायट्रेट फिल्मचा ज्वालाग्राही गुण, दमट हवा आणि रिळांतल्या चांदीसाठी झालेली त्यांची विक्री यांकडे बोट दाखवतात. ती खरीच आहेत. पण लाखेची तबकडी तरी कुठे अमर होती? हातातून सुटली की तुकडे. खरा फरक व्यवहाराचा होता. तबकडी गिऱ्हाइकाला विकली जायची. चित्रपट प्रेक्षकाला विकलाच जात नव्हता. त्याच्या मोजक्या प्रती थिएटरांतून भाड्याने फिरायच्या आणि धंदा आटला की वितरकाच्या गोदामात परतायच्या. गोदामाला त्यांची अडचण झाली की भंगार.

विकलेल्या तबकड्या हजारो घरांत विखुरल्या. बऱ्याच फुटल्या, काही माळ्यावर गेल्या, काही जुन्या बाजारात आल्या आणि तिथून संग्राहकांच्या हाती लागल्या. बालगंधर्वांची पदं आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची गायकी आपल्यापर्यंत आली, त्यात या खासगी कपाटांचा वाटा फार मोठा आहे. चित्रपटांसाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४मध्ये, आणि पी. के. नायर यांनी जिद्दीने जमवाजमव केली. तरी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा अमोल साठा जळाला. एकाच छपराखाली सगळं असलं की असं होतं.

चित्रपट घरात येऊन बसला तो व्हिडिओ कॅसेटमुळे, आणि खऱ्या अर्थाने स्वस्त झाला व्हीसीडीमुळे. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली. मराठी नाटकं व्हीसीडीवर आली आणि ज्या गावात नाटकाची गाडी कधी पोचत नव्हती, तिथल्या घरांतही प्रयोग ‘लागले’. गाण्यांच्या बाबतीत हे आधीच घडलं होतं. कॅसेट आल्यावर मुद्रणाचा खर्च इतका उतरला, की पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारखी छोटी संस्थाही शास्त्रीय संगीताच्या उत्तम ध्वनिफिती काढू शकली. मग ओहोटी लागली. २०१६मध्ये मुंबईत काळाघोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे गाण्यांचं दुकान बंद झालं, २०१८मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली.

त्या जागी स्ट्रीमिंग आलं, आणि व्यवहार पुन्हा भाड्यावर गेला. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं. दोनच महिन्यांत सारेगामाची, म्हणजे जुन्या एचएमव्हीची, गाणी तिथून उतरवली गेली. करार होऊन ती परतली २०२०मध्ये. मार्च २०२४मध्ये झी म्युझिकची गाणीही तिथून अशीच नाहीशी झाली. ऐकणाऱ्याने वर्गणी भरलेली होती, वाद दुसऱ्यांचा होता. त्याच वर्षी रेसो आणि विंक ही गाण्यांची ॲपही गुंडाळली गेली.

‘विकत घेतलेल्या’ डिजिटल प्रतीची कथा याहून मासलेवाईक आहे. २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलचं ‘१९८४’ वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, पण पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेलं आणि टेबलावर पैसे ठेवले, तर आपण त्याला काय म्हणू? २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली. मार्च २०२४मध्ये युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. अखेर कॅलिफोर्नियाने कायदा केला: ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ म्हणायचं नाही. तो जानेवारी २०२५पासून लागू आहे.

हे शक्य होतं ते डीआरएम नावाच्या कुलपामुळे. फाइल आपल्या फोनमध्ये असते, किल्ली कंपनीकडे. ओटीटीवर ‘डाउनलोड’ केलेला चित्रपट वर्गणी संपली की उघडत नाही. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छापील पुस्तक मात्र एकदा विकलं गेलं की पुढे कोणालाही विका, द्या. जुन्या पुस्तकांचा सगळा बाजार त्यावरच चालतो.

पण म्हणून तबकडीची पूजा बांधायचं कारण नाही. कोकणच्या पावसाळ्यात फितींना बुरशी येते, घरी ‘राइट’ केलेल्या सीडी काही वर्षांत वाचता येईनाशा होतात, प्लेअर मिळणं दुरापास्त झालंय. डीव्हीडीवरही कुलूप होतंच: अमेरिकेतली विभाग १ची डीव्हीडी विभाग ५मधल्या आपल्या प्लेअरवर चालत नसे. उलट, एका सीडीच्या किमतीत महिनाभर अफाट संगीत ऐकायला मिळतं, ही स्ट्रीमिंगची देणगी खोटी नाही. आणि बिनकुलपाची डिजिटल विक्रीही जमते. ॲपलने २००९मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांचं कुलूप काढलं. बँडकॅम्प गाणी आणि जीओजी गेम आजही तशाच विकतात. वस्तू प्लास्टिकची आहे की फाइल, हा मुद्दा गौण. प्रती किती हातांत आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे महत्त्वाचं.

खरी चिंता केवळ ओटीटीसाठी तयार होणाऱ्या मराठी मालिका-चित्रपटांची आहे. छापील पुस्तकाची प्रत १९५४च्या कायद्यानुसार मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत द्यावी लागते. त्या कायद्याच्या कक्षेत चित्रपट येत नाहीत. तेव्हा निर्मात्यांनी ओटीटीशी करार करतानाच ठराविक वर्षांनी प्रती विकण्याचा हक्क राखून ठेवावा आणि एक प्रत पुण्याच्या संग्रहालयाला द्यावी. प्रेक्षकांनी सगळंच जमवण्याची गरज नाही. जे गेलं तर चुकचुकल्यासारखं होईल, तेवढं तरी बिनकुलपाचं मिळेल तिथे पैसे मोजून घ्यावं. गिऱ्हाईकच नसेल, तर प्रत काढायची कोणी?