कापसाची वेचणी व मजुरांची सोय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीसाठी सांगली, कोल्हापूर व कर्नाटकाकडे जातात. नेमक्या त्याच दिवसांत गेवराई-माजलगावच्या काळ्या रानांत कापसाची बोंडे फुटलेली असतात. गावात राहिलेल्या मजुरांना, व त्यांत स्त्रियाच अधिक, एकाच वेळी अनेक शेतांतून बोलावणे येते. त्या प्रथम कोणाच्या शेतात जातात, यावर त्या शेतकऱ्याचा हंगाम बऱ्याच अंशी ठरतो.

वेचणी लांबली की कापूस दवाने भिजतो, त्यास वाळलेला पाला चिकटतो, आणि अवकाळी पाऊस आल्यास तो पिवळा पडतो. शासकीय खरेदीत शेकडा ८ पर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण हमीभाव मिळतो. शेकडा १२ च्या वर गेल्यास माल घेतला जात नाही. व्यापारीही पाला व कवडी पाहूनच भाव पाडतो.

वेचणीची मजुरी बहुधा किलोवर दिली जाते. त्यामुळे हात चपळ चालतो हे खरे; परंतु पाला व ओलावाही तराजूत भरतो. हा मजुराचा दोष नव्हे, मजुरी ठरविण्याच्या पद्धतीचा आहे. स्वच्छ वेचणीस किलोमागे थोडा अधिक दर द्यावा. कवडी वेगळ्या पिशवीत घ्यावी व तिचीही मजुरी द्यावी, नाहीतर ती चांगल्या कापसात मिसळणारच. दव उठल्यावर काम सुरू करावे आणि ती वेळ आदल्या दिवशीच कळवावी. वजन मजुराच्या डोळ्यांदेखत करून लगेच वहीत मांडावे, कारण तराजूविषयी एकदा संशय आला की ती बाई पुन्हा त्या बांधावर येत नाही. आठवड्याचा हिशेब बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चुकता करावा. पिण्याचे पाणी व तान्ह्या मुलाच्या झोळीपुरती सावली यांस खर्च तो किती?

मजूर टिकविण्याचा खरा काळ मात्र पावसाळा होय. घरातील धान्य संपते, मुकादमाची उचल हाती पडते, आणि कुटुंब त्याचे होऊन जाते. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून खुरपणीपासून वेचणीपर्यंतचे काम एकाच टोळीस क्रमाने देण्याचे त्याच वेळी ठरवावे व गरजेपुरती बिनव्याजी उचल लेखी द्यावी. मात्र उचलीपोटी मजुरास बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यान्वये गुन्हा आहे. तो अन्यत्र जाऊ इच्छील तर त्याचा हिशेब करून त्यास जाऊ द्यावे.