लकवा : लुळा हात कामाला लावा

लकवा मारलेला रुग्ण काही दिवसांनी काठी धरून चालू लागतो, हात मात्र लटकतच राहतो. मग घरची मंडळी पारव्याचे रक्त चोळतात. पण बिघाड हातात नसून मेंदूत असतो! मेंदूचा शाबूत भाग हाताचे काम नव्याने शिकू शकतो, तेही सरावानेच. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते आणि नेमका तोच काळ मालिशीत जातो.

रुग्णाला उठविताना लुळा हात कधीही ओढू नये. खांदा सांध्यातून खाली सरकतो, दुखू लागतो आणि व्यायाम बंद पडतो. बसताना, झोपताना हाताखाली उशी द्यावी.

मनगट व बोटे थोडीतरी उघडत असतील तर चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्या हाताकडूनच कामे करवून घेतात. चुलीजवळ व जिन्यावर मोजा काढावा. अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या अभ्यासात (२००६) दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा फायदा वर्षभर टिकला. त्यांना लकवा होऊन तीन ते नऊ महिने झाले होते.

फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावेत. बाकी साधने घरातच आहेत : सुपातले तांदूळ निवडणे, कणीक मळणे, फडके पिळणे, विडीचे पान उचलणे. सून प्रेमाने घास भरविते. त्याऐवजी रुग्णालाच उचलू द्यावा, सांडला तरी चालेल. डावा हात गेला असेल तर त्या हाती पाण्याचा गडवा द्यावा, आधी अर्धाच भरून.